जुना पाणीतापक बदलताना

पहाटे अंगणातील तांब्याचा बंब पेटवावा, त्यात लाकूड व गोवऱ्या घालाव्यात आणि घंगाळात कढत पाणी काढून घ्यावे, ही महाराष्ट्रातील घराघरांची रीत होती. आता शहरांप्रमाणेच अनेक खेड्यांतही बंबाची जागा विजेच्या पाणीतापकाने, म्हणजेच गिझरने घेतली आहे. बंब गळू लागला की तांबट तो डाग देऊन नीट करी. गिझर बंद पडला म्हणजे मात्र बहुधा शेजाऱ्याकडे आहे तसाच नवा आणला जातो. वस्तुतः हा निर्णय थोडा हिशेब करून घेण्याजोगा आहे; कारण त्याचा संबंध दरमहाच्या वीजबिलाशी, तसेच कुटुंबाच्या जीविताशीही आहे.

बदलणे खरोखर आवश्यक आहे काय?

पाणी तापत नसेल, तर बहुतेक वेळा तापविणारी कॉइल किंवा तापमान नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट निकामी झालेला असतो. हे दोन्ही भाग अल्प खर्चात बदलता येतात. परंतु आतील टाकीच गंजून गळू लागली असेल, तर दुरुस्तीवर पैसा घालविण्यात अर्थ नसतो. नळाच्या पाण्याला विजेचा किंचितही झटका जाणवल्यास उपकरण तत्काळ बंद करावे व वायरमनकडून तपासणी होईपर्यंत ते वापरू नये.

किती लिटरचा घ्यावा?

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटापासून 860 किलोकॅलरी उष्णता मिळते. हिवाळ्यात नळाचे पाणी 20 अंशांवर आहे व ते 60 अंशांपर्यंत तापवावयाचे आहे, असे धरू. 25 लिटरच्या टाकीस 1,000 किलोकॅलरी, म्हणजे सुमारे 1.16 युनिट वीज लागेल. दोन किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी सुमारे 35 मिनिटे लागतील. या पाण्यात तितकेच थंड पाणी मिसळले असता 40 अंशांचे, स्नानास योग्य असे 50 लिटर पाणी मिळते.

चौघांच्या कुटुंबात प्रत्येकी 20 लिटरची एक बादली धरल्यास 80 लिटर ऊन पाणी लागते. 25 लिटरची टाकी दोनदा तापविली असता ही गरज भागते. दोघांच्या घरास 15 लिटरची टाकीही पुरेशी ठरते. दुसऱ्या बादलीसाठी थोडे थांबावे लागेल, एवढेच. बादलीऐवजी फवाऱ्याखाली स्नान करणाऱ्यांस अर्थातच अधिक पाणी लागते.

तीन लिटरचा तत्काळ पाणी देणारा गिझर स्वस्त असतो. तथापि तीन किलोवॅटची कॉइल मिनिटाला सुमारे दोन लिटर पाणीच 20 अंशांनी तापवू शकते. स्वयंपाकघरासाठी तो सोयीचा आहे. थंडीच्या दिवसांत संपूर्ण कुटुंबाच्या स्नानासाठी तो अपुरा पडतो.

तारांकनाचा अर्थ

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारांकनपट्टीवर एक ते पाच तारे असतात. पाच तारांचा गिझर पाणी कमी विजेत तापवितो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. पाणी तापविण्यास लागणारी वीज जवळजवळ सारखीच असते. तापलेल्या टाकीतून 24 तासांत किती उष्णता बाहेर निसटते, हे तारे दर्शवितात. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्या घरात म्हणूनच अधिक ताऱ्यांचा मोठा लाभ होतो. स्नानापूर्वी अर्धा तास चालू करून नंतर बंद करण्याची सवय असेल, तर ती सवयही बचत घडविते. तापमान 75 अंशांऐवजी 60 अंशांवर ठेवल्यास उष्णतेचा अपव्यय आणखी घटतो.

पाणी व दाब

विंधन विहिरीचे जड पाणी वापरणाऱ्या गावांत कॉइलवर क्षारांचा थर बसतो. अशा ठिकाणी टाकीस आतून एनॅमलचा लेप असावा. टाकीतील मॅग्नेशियमची कांडी स्वतः झिजून टाकीचे गंजण्यापासून रक्षण करते. ती वेळोवेळी तपासून बदलून घ्यावी. पाण्याच्या दहा मीटर उंचीमुळे सुमारे एक बार दाब निर्माण होतो. साहजिकच उंच इमारतींत किंवा दाबपंप असलेल्या घरांत आठ बार दाब सहन करणारा गिझर निवडावा.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको

उपकरणावर भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह असल्याची खात्री करावी. दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर, तर तीन किलोवॅटचा तेरा अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर तो कदापि जोडू नये. 16 अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, योग्य जाडीची तार आणि सुस्थितीतील अर्थिंग आवश्यक आहे. 30 मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारे आर.सी.सी.बी. बसविल्यास प्राणघातक झटक्यापासून मोठे संरक्षण मिळते. अतिरिक्त दाब सोडणारी झडप कधीही बंद करू नये. बादलीत सोडावयाचा रॉड चालू असताना पाण्यास हात लावणे धोक्याचे आहे. विजेऐवजी गॅसचा गिझर घ्यावयाचा विचार असल्यास तो बंद न्हाणीघरात बसवू नये. त्यातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असल्याने संकटाची सूचनाच मिळत नाही.

अन्य पर्याय

गच्चीवर दिवसभर ऊन येत असेल, तर सौर पाणीतापकाचा विचार प्रथम करावा. त्याचा प्रारंभीचा खर्च अधिक असला, तरी वर्षातील बहुतेक दिवस वीज लागत नाही. वसतिगृहे व आश्रमशाळा यांना तो विशेष उपयुक्त आहे.

शाळेत वरील उष्णतेचा हिशेब विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरासाठी करवून घेता येईल. ग्रामसभेच्या निमित्ताने वायरमनकडून अर्थिंगच्या तपासणीचे प्रात्यक्षिक दाखविणेही पंचायत सदस्यांस अवघड नाही. नवा गिझर बसविण्यापूर्वी त्यामागील अर्थिंग पाहिले जावे, एवढी एक सवय गावात रुजली, तरी त्यातून एखादा जीव वाचू शकेल.