प्रत्येक नोंदीचा हिशेब

पुण्यात मगरपट्ट्यातल्या आयटी संकुलात ‘सॅस’चे संशोधन केंद्र आहे. बँका, विमा आणि औषध कंपन्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या या अमेरिकी कंपनीचे मूळ मात्र शेतात सापडते.

१९६६च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात शेतीप्रयोगांची आकडेवारी तपासणारे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम सुरू झाले. पीक वाढले त्यात खताचा वाटा किती, जमिनीचा किती, हे उलगडायला हाताने फार वेळ जाई. अँथनी बार यांनी आयबीएमच्या संगणकासाठी या सॉफ्टवेअरचा पाया रचला. पुढे जिम गुडनाइट, जॉन सॉल आणि जेन हेलविग आले. १९७६ मध्ये चौघांनी विद्यापीठाबाहेर कंपनी थाटली. आज तिचे मुख्यालय केरी या गावी आहे.

सॅसच्या प्रोग्रामचे दोन टप्पे असतात. ‘डेटा स्टेप’मध्ये माहिती निवडून नीट लावायची, ‘प्रॉक स्टेप’मध्ये तिच्यावर हिशेब करायचा. चूक झाली की लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालल्याच्या अहवालात, लाल अक्षरे उमटतात. पण मुरलेला प्रोग्रामर निळ्या ओळीही वाचतो. किती नोंदी वाचल्या आणि किती लिहिल्या, ते तिथे असते. समजा, औषधचाचणीतल्या २१४ रुग्णांच्या नोंदी आत गेल्या आणि २१३ बाहेर आल्या. लाल अक्षर एकही नाही, तरी एक माणूस हरवला. तो कुठे गळला हे शोधल्याशिवाय पुढे जायचे नसते.

हीच शिस्त कंपनीच्या व्यवहारातही आहे. सॉफ्टवेअर एकदा विकून मोकळे व्हायचे नाही, परवाना वर्षापुरता द्यायचा, ही तिची जुनी पद्धत. त्यामुळे ग्राहकाचा विश्वास दर वर्षी नव्याने कमवावा लागतो. सुधारणा सुचवायला वापरणाऱ्यांची मते मतपत्रिकेने मागवली जात.

मालकी गुडनाइट आणि सॉल यांच्याकडे राहिल्याने तिमाही निकालांचा धाक नव्हता. १९८०च्या दशकातच आवारात पाळणाघर आणि दवाखाना आला. २००९च्या मंदीत कुणालाही कामावरून काढणार नाही, असे गुडनाइट यांनी सांगितले आणि पाळले. जाणती माणसे टिकली, तर ग्राहकाचे कामही टिकते.

२०२१ मध्ये कंपनीने शेअर बाजाराकडे जाण्याची तयारी जाहीर केली. फुकट मिळणाऱ्या ‘आर’ आणि ‘पायथन’ या संगणकभाषांशीही तिची स्पर्धा आहे. तिने मालकी बदलावी, भाषा बदलावी. पण त्या हरवलेल्या एका नोंदीसाठी थांबण्याची सवय सोडू नये. त्या नोंदीमागे एक रुग्ण असतो.