रिकाम्या ऑफिसातला गारवा : ‘स्मार्ट’ इमारत वीज वाचवते म्हणजे नेमकं काय करते?



ऑगस्टमध्ये बाहेर पारा ४५ च्या आसपास आणि ऑफिसात खुर्चीच्या पाठीवर स्वेटर, हे दृश्य यूएईतल्या मराठी माणसाला नवीन नाही. पुण्या-नाशकात जो स्वेटर डिसेंबरात कपाटातून निघतो, तो इथे भर उन्हाळ्यात लागतो! गंमत सोडली, तर तो स्वेटर म्हणजे वाया गेलेल्या विजेची पावतीच आहे. कुणीतरी पैसे मोजून हवा गरजेपेक्षा जास्त गार केली, आणि आपण त्या गारव्यापासून बचाव करत बसलो.

दुबईत विजेचं बिल ‘देवा’कडून येतं आणि शारजात ‘सेवा’कडून, त्यामुळे आपल्यात त्यावर विनोद पुष्कळ होतात. पण दुकान, क्लिनिक, उपाहारगृह किंवा छोटं ऑफिस चालवणाऱ्यांना जुलै-ऑगस्टचं बिल बघून हसू येत नाही. शिवाय आपल्यातले बरेच जण इमारतींच्या देखभालीत, एसीच्या आणि विजेच्या कामात आहेत. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

वीज जाते कुठे?

इथल्या उन्हाळ्यात इमारतीची सर्वात जास्त वीज एसी खातो. मोठ्या इमारतीत प्रत्येक खोलीला वेगळा एसी नसतो. चिलर नावाचं यंत्र पाणी सुमारे ६ अंशांपर्यंत गार करतं, पंप ते मजल्यामजल्यावर पोचवतात, आणि पंखे त्या पाण्याच्या नळ्यांवरून हवा फिरवतात. काही भागांत हे गार पाणी थेट बाहेरून, अख्ख्या वस्तीच्या एका केंद्रातून येतं. अबू धाबीची ‘तब्रीद’ १९९८ पासून आणि दुबईची ‘एम्पॉवर’ २००३ पासून हाच व्यवसाय करत आहेत.

दुसरा खर्च दमटपणाचा. समुद्राकाठची हवा आत घेतली की ती नुसती गार करून भागत नाही, तिच्यातलं पाणीही काढावं लागतं. बुर्ज खलिफाच्या एसीतून असं निघणारं पाणी वर्षाला सुमारे दीड कोटी गॅलन असतं आणि ते बागांना वापरतात, असं सांगितलं जातं. हे पाणी बागेला फुकट मिळतं, पण हवेतून काढायला वीज लागते. आत माणसं असतील तर ताजी हवा हवीच. पण रिकाम्या सभागृहासाठीही तेवढीच हवा ओढली, तर तो निव्वळ तोटा.

आता एक सोपा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. ऑफिस पाच दिवस, रोज १० तास चालतं असं धरलं तर झाले ५०. उरलेले ११८ तास, म्हणजे आठवड्याचा ७० टक्के वेळ, तिथे जवळजवळ कुणी नसतं. मग त्या वेळेत एसी, दिवे आणि पंखे काय करतात, हा खरा प्रश्न.

इमारतीला डोळे आणि कान

‘स्मार्ट’ तंत्रज्ञान या प्रश्नाचं उत्तर देतं. खोलीत कुणी आहे का हे सेन्सर बघतो. दुसरा सेन्सर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतो. माणसं वाढली की तो वाढतो, आणि मग तेवढीच ताजी हवा आत घेतली जाते. प्रत्येक मजल्याचा मीटर दर काही मिनिटांनी आकडा पाठवतो. हे सगळं एका संगणकावर येतं. त्या व्यवस्थेला बीएमएस, म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात.

यात सर्वात मोठी कमाई पंखे आणि पंप यांच्या वेगात आहे. जुन्या पद्धतीत पंखा एक तर पूर्ण वेगाने चालतो, नाहीतर बंद. नव्या पद्धतीत वेग कमी-जास्त करता येतो. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर लागणारी वीज २० टक्के नाही, जवळजवळ निम्मी होते. भौतिकशास्त्राचा नियमच तसा आहे : वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते (०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१). पण वेग कधी कमी करायचा हे कळायला आधी आत किती माणसं आहेत ते कळायला हवं. सेन्सर लागतो तो इथे.

आपल्या आसपासची उदाहरणं

अबू धाबीचे अल बहर टॉवर्स (२०१२) बहुतेकांनी जाता-येता पाहिले असतील. अरबी घरांच्या खिडक्यांना पूर्वी ‘मश्रबिया’ नावाची लाकडी जाळी असायची. ऊन अडवायचं आणि उजेड आत घ्यायचा, हे तिचं काम. तीच कल्पना इथे यंत्राने केली आहे. प्रत्येक मनोऱ्यावर हजारावर छत्र्या आहेत. सूर्य जसा सरकतो तशा त्या संगणकाच्या हुकमाने उघडतात आणि मिटतात. ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच अडतं, म्हणून एसीचं काम हलकं होतं.

नवी इमारतच हवी असं मात्र नाही. क्रीकवरची दुबई चेंबरची इमारत १९९० च्या दशकातली, तरी २००९ मध्ये तिला चालू इमारतीसाठीचं ‘लीड’ हे हरित प्रमाणपत्र मिळालं. २०१३ मध्ये ‘देवा’ने एतिहाद एस्को ही कंपनी सुरू केली, ती खास जुन्या इमारती सुधारण्यासाठी. २०३० पर्यंत दुबईतल्या ३०,००० इमारतींचं उद्दिष्ट तिच्यापुढे ठेवलं गेलं. या व्यवहाराची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ठेकेदार किती वीज वाचेल याची हमी देतो, आणि त्याचे पैसे त्या बचतीतून फिटतात. बचत झाली की नाही हे मीटर सांगतो, तोंडी आश्वासन चालत नाही.

यंत्र आहे, पण वेळापत्रक जुनं!

आता खरी मेख. संगणक हुशार असला तरी त्याला सुट्टी कधी हे कुणीतरी सांगावं लागतं. इथे जुन्या असलेल्या मंडळींना आठवत असेल, सरकारी सुट्टी आधी गुरुवार-शुक्रवार होती. २००६ मध्ये ती शुक्रवार-शनिवार झाली. जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस काम. शारजात सरकारी कार्यालयांना शुक्रवार, शनिवार, रविवार सुट्टी. शिवाय रमजानमध्ये कामाचा दिवस दोन तासांनी लहान होतो. यातला प्रत्येक बदल इमारतीच्या वेळापत्रकातही व्हावा लागतो. नाही केला, तर लाखो दिऱ्हमची यंत्रणा रिकाम्या ऑफिसला इमानेइतबारे गार करत बसते.

दुसरी अडचण पॅनेलवरच्या स्विचची. त्यावर हँड, ऑफ आणि ऑटो अशा तीन जागा असतात. कुणी “गरम होतंय” म्हणून तक्रार केली की तंत्रज्ञ स्विच ‘हँड’वर टाकतो. तक्रार मिटते, पण स्विच महिनोन् महिने तसाच राहतो आणि पंखा रात्रंदिवस चालू. पडद्यावर आलेख सुंदर दिसतो, वीज मात्र जात राहते.

तिसरी अडचण पैशाची. ‘चिलर फ्री’ जागेत गारव्याचे पैसे भाड्यातच धरलेले असतात. भाडेकरूला वाचवून फायदा नाही. आणि जिथे गार पाण्याचं बिल भाडेकरू भरतो, तिथे मालकाला यंत्रणा सुधारायची घाई नसते. दोघांनी करार करताना बचतीची वाटणी लिहून घेतली तरच गाडी पुढे सरकते.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ दुकानांच्या यंत्रणेत चोर शिरले, ते एसी-रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिनवरून. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. तेव्हा एसीचं जाळं आणि पैशाच्या व्यवहाराचं जाळं वेगळं ठेवा, आणि यंत्राबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

आपल्याला काय करता येईल?

छोट्या जागेत मोठा खर्च न करताही बरंच जमतं.

१. थर्मोस्टॅट २४ वर ठेवा. भारतात १ जानेवारी २०२० पासून खोलीचे स्टार लेबलचे एसी २४ अंशांवरच सुरू होतात. तिथल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंश वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

२. सुट्टीत एसी पूर्ण बंद करू नका, तापमान चार-पाच अंश वर ठेवा. जुलैत भारतात जाऊन आल्यावर कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरलेली अनेकांनी पाहिली असेल. ऑफिसातल्या कागदांचं आणि गालिच्याचंही तसंच होतं. म्हणून आर्द्रता दाखवणारा थर्मोस्टॅट घ्या.

३. मीटरचे रात्रीचे आकडे बघा. रात्री दोनला रिकाम्या दुकानात वीज कशाला लागते? फ्रीज आणि सर्व्हर सोडून जे काही उरेल, ती तुमची गळती.

४. वर्षातून तीनदा वेळापत्रक तपासा : रमजानच्या आधी, रमजान संपल्यावर आणि उन्हाळा सुरू होताना. त्याच दिवशी ‘हँड’वर राहिलेले स्विच परत ‘ऑटो’वर आणा.

५. सेन्सर बसवताना विक्रेत्याला विचारा : पुढच्या वर्षी याची तपासणी कोण करणार? उत्तर नसेल तर खरेदी थोडी थांबवा.

थोडक्यात काय, सेन्सर दाखवतो, संगणक आठवण करून देतो, पण निर्णय माणसाचाच. आपल्यातले जे इंजिनिअर आणि तंत्रज्ञ रोज या पॅनेलपुढे उभे असतात, त्यांचं काम बाहेरून दिसत नाही, कारण न झालेला खर्च कुणाच्या डोळ्यात भरत नाही. त्यांनी आपले अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवावेत. बाकीच्यांनी उद्या ऑफिसात गेल्यावर एवढंच करावं : स्वेटर घालायच्या आधी थर्मोस्टॅटवरचा आकडा बघावा.