बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडपासून आदमापूर जवळच. अमावास्येला तिथे संत बाळूमामांच्या दर्शनाला गर्दी लोटते, आणि ‘मामा, चुकलंमाकलं पदरात घ्या’ हे मागणं घेऊन आलेली माणसं त्या रांगेत कमी नसतात. याच जिल्ह्यात, कोल्हापूर शहरात, १८५२ साली रॉयल वाईल्डर हा अमेरिकन मिशनरी येऊन राहिला. त्याच्या मागोमाग या मुलखात चर्च, शाळा, दवाखाने उभे राहिले. तिथल्या रविवारच्या भक्तीतही पापांची कबुली असते. मागणं तेच वाटतं. फरक पडतो तो मागून झाल्यावर.

ख्रिस्ती श्रद्धा सांगते, की क्षमेसाठी माणसाने आधी काही फेडायचं नाही. किंमत ख्रिस्ताने क्रूसावर चुकती केली आहे. पापापासून मागे फिरायचं आणि विश्वासाने ती क्षमा घ्यायची. ऐकायला हे सोपं आहे. अंगी लागायला किती जड जातं, ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात जसं दिसतं तसं मराठीत दुसरीकडे मला तरी दिसलं नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत देशभर हिंडणारे. तीर्थयात्रा, उपास, दानधर्म, ब्राह्मणभोजन यांत घरची पुंजी संपली. दुष्काळात आई-वडील आणि बहीण उपासमारीने गेली. व्रतवैकल्यांत तसूभर कसूर न केलेल्या घराची ही गत झाली. पुण्य गाठीशी बांधायचा हिशेब या मुलीने कोवळ्या वयात शेवटपर्यंत पाहिला होता.

पुढे इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या ख्रिस्ती संन्यस्त भगिनींकडे त्या राहिल्या. तिथल्या एका भगिनीने त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे सांभाळलं जात होतं. या बायकांवर एवढी माया कशासाठी, असं रमाबाईंनी विचारलं. त्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची शोमरोनी बाई वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या, सहाव्याबरोबर राहणाऱ्या त्या बाईशी ख्रिस्त आपण होऊन बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो. रमाबाईंच्या ओळखीच्या शास्त्रांत असल्या बाईला जागा नव्हती. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथेच गोष्ट संपली असती तर ती चारचौघांसारखी धर्मांतराची गोष्ट झाली असती. पण त्यानंतरही सुमारे आठ वर्षं मनाला स्वस्थता नव्हती. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडायचा राहिला, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहिलं आहे. विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. कित्येक वर्षं चर्च चालवणाऱ्या या माणसाचं मन पालटलं ते स्वतः प्रवचन देताना! विद्वत्ता आणि सत्कर्मं क्षमेची हमी देत नाहीत, हे रमाबाईंना तिथे उमगलं. संस्कृत सभा गाजवणाऱ्या बाईला फुकट मिळालेलं घेता येईना, हा मला या कहाणीचा गाभा वाटतो.

क्षमा झाली की नाही ते कळायचं कसं, हा प्रश्न चर्चच्या पंथांनीही वेगवेगळा सोडवला आहे. वसईचा कॅथलिक धर्मगुरूपुढे पाप सांगतो. धर्मगुरू ख्रिस्ताच्या नावाने क्षमा जाहीर करतो, वर प्रायश्चित्तही देतो. कोल्हापूरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळीत माणूस थेट देवापुढे उभा राहतो. हमी एका ठिकाणी कानांनी ऐकायची, दुसऱ्या ठिकाणी मनाने धरायची.

रमाबाईंनी केडगावला चालवलेल्या मुक्तिसदनातल्या मुलींनी मात्र ही हमी रडून-ओरडून धरली. जून १९०५ मध्ये तिथे पहाटेच्या प्रार्थनेत एका मुलीचं अंग पेटल्यासारखं तिच्या सोबतिणीला दिसलं. ती बिचारी पाण्याची बादली आणायला धावली! मग मुलींनी ओक्साबोक्शी रडत पापं कबूल केली, आणि पाठोपाठ त्या आनंदाने गाऊ लागल्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अनाथ, बालविधवा अशा या पोरी. त्यांच्यावर झालेल्या अन्यायाच्या मानाने त्यांची पापं ती केवढी, असं आज वाचताना वाटतं. त्या भरात भीती किती आणि सुटका किती, याची वाटणी करायला मी धजणार नाही.

क्षमा फुकट म्हटल्यावर माणूस पाप सोडेल कशाला, हा आक्षेप जुना आहे आणि रास्तही आहे. बायबलातला जकातदार जक्कय याचं उत्तर कृतीने देतो. ख्रिस्त त्याच्या घरी उतरतो, आणि लुबाडलेलं चौपट परत करायचं जक्कयला त्यानंतर सुचतं. रमाबाईंनीही तेच केलं. फुलहॅमला पाहिलेल्या घराच्या धर्तीवर केडगावला त्यांनी ‘कृपासदन’ उघडलं. ज्या बायकांना माहेर, सासर, देऊळ सगळ्यांनी दार लावलं होतं, त्या तिथे राहू लागल्या.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सोप्या मराठीत बायबलचा अनुवाद केला, आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. तो अनुवाद मुक्तिसदनातल्या बायकांनीच छापला. तो १९२४ मध्ये बाहेर आला. आपल्या श्रद्धेची स्वतःची साक्ष त्यांनी १९०७ मध्ये पुस्तकरूपाने दिली. ते पुस्तक लहानसं आहे. धर्मांतराबद्दल आपलं मत काहीही असो, ते पक्कं करण्याआधी हे पुस्तक एकदा वाचा.