पोकेमॉनचं जुनं कार्ड लाखांचं आहे की शंभराचं, हे कसं ओळखतात?

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत एक पोकेमॉन कार्ड ४ लाख २० हजार डॉलर्सला विकलं गेलं. तेव्हाच्या हिशोबानं तीन कोटी रुपयांहून जास्त. कार्ड होतं १९९९ चं, फर्स्ट एडिशनमधलं चारिझार्ड.

आता तुम्ही म्हणाल, ते कार्ड तर अजून बऱ्याच जणांकडं असेल. बरोबर आहे. पण या कार्डाला पीएसएनं १० पैकी १० गुण दिले होते.

पीएसए ही १९९१ मध्ये सुरू झालेली अमेरिकन कंपनी. लोक तिच्याकडं कार्ड पाठवतात, कंपनी ते तपासून १ ते १० मध्ये गुण देते आणि प्लास्टिकच्या पक्क्या डबीत बंद करून परत पाठवते. या डबीला म्हणतात स्लॅब. बेकेट, सीजीसी, एसजीसी या कंपन्याही हेच काम करतात. ९ आणि १० मधला फरक नुसत्या डोळ्यांना बऱ्याचदा दिसतही नाही, पण जुन्या कार्डांच्या किमतीत तो कित्येक पटींचा पडतो.

मग हे गुण ठरतात कशावर? चार गोष्टींवर.

१. चित्र मधोमध आहे का?
कार्डाच्या डाव्या आणि उजव्या कडेची पट्टी मोजायची. एकीकडं ३ मिलीमीटर आणि दुसरीकडं २ असेल, तर ते झालं ६०-४०. वर-खालीही तसंच मोजायचं. पैकीच्या पैकी गुण हवे असतील, तर पुढच्या बाजूला साधारण ५५-४५ पर्यंतच सूट मिळते. मागच्या बाजूला जरा जास्त चालतं.

२. कोपरे
कार्ड खिशात ठेवलं, पत्त्यांसारखं पिसलं, की पहिला मार कोपऱ्यांना बसतो. भिंगातून बघितलं की टोकाला पांढरा ठिपका किंवा सुटलेले थर दिसतात.

३. कडा
पोकेमॉन कार्डाची मागची बाजू निळी असते. त्यामुळं कडेचा रंग उडाला की आतला पांढरा कागद लगेच नजरेत भरतो. म्हणून कार्ड आधी उलटं करून बघायचं.

४. पृष्ठभाग
कार्ड दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवायचं. चमकीवरचे ओरखडे, नखाचे खड्डे, छपाईच्या रेषा तेव्हाच दिसतात. घडी पडली असेल, तर वरचे गुण विसरायचे.

आणि हो, पाकिटातून आत्ताच काढलेल्या कार्डालाही १० मिळतीलच असं नाही. कारखान्यात कार्ड तिरकं कापलं गेलं किंवा छपाईत रेष आली, तरी गुण जातात.

पण कार्ड थोडं ‘दुरुस्त’ केलं तर?

इथंच खरी गोम आहे. सिगारेटच्या पाकिटातून येणाऱ्या टी २०६ मालिकेतलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं कार्ड हे या छंदातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड. त्यातलं एक आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीनं भागीदारीत १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलर्सला घेतलं. पीएसएनं गुण दिलेलं हे पहिलं कार्ड, आणि गुण मिळाले ८. शंभरीकडं आलेलं कार्ड इतकं कोरं कसं, अशी कुजबुज मात्र वर्षानुवर्षं चालू राहिली. शेवटी २०१३ मध्ये लिलाववाला बिल मॅस्ट्रो यानं कोर्टात कबूल केलं, की आपण त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या.

आता दुसरी बाजू बघा. २०२२ मध्ये वॅग्नरचंच दुसरं एक कार्ड ७२ लाख ५० हजार डॉलर्सला गेलं. त्याला गुण होते फक्त २. कार्ड दुर्मिळ असेल, तर झिजलेल्या कार्डालाही मान मिळतो. कापलेल्या किंवा रंगवलेल्या कार्डाला मात्र कंपन्या नेहमीचे गुण देत नाहीत.

ऑनलाइन कार्ड घेताना काय बघायचं?

‘निअर मिंट’, ‘लाइटली प्लेड’ हे शब्द स्लॅब नसलेल्या कार्डाबाबत विकणाऱ्याचं स्वतःचं मत असतं. त्यावर जाऊ नका. दोन्ही बाजूंचे, चारही कोपऱ्यांचे आणि तिरक्या उजेडातले फोटो मागा. कार्ड हातात आलं की त्याच मालिकेतल्या दुसऱ्या कार्डावर ठेवून बघा. लहान वाटलं तर कडा कापल्याची शंका घ्या. स्लॅब असेल तर त्यावरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका आणि नाव, वर्ष, गुण जुळतात का ते तपासा, कारण बाजारात स्लॅबही खोटे येतात.

घरात जुनी कार्डं सापडली, तर आधी त्यांचं रबरबँड काढा. ओल्या फडक्यानं पुसू नका, पेननं कडा रंगवू नका. प्रत्येक कार्ड मऊ प्लास्टिकच्या पाकिटात आणि मग कडक कव्हरमध्ये सरकवून कोरड्या जागी ठेवा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत चमकीची कार्डं चटकन वाकतात. त्यामुळं पावसाळ्यात जरा जास्तच जपा.