उदयनगरच्या सिस्टर राणी मरिया

उज्जैन म्हटले की आपणां मराठी माणसांस क्षिप्रेचा घाट आणि शिंद्यांची जुनी राजधानी आठवते. त्याच उज्जैन विभागात, देवास जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत उदयनगर नावाचे लहानसे गाव आहे. तेथील चर्चमध्ये धन्य राणी मरिया चिरविश्रांती घेत आहेत. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे ख्रिस्तसभेने त्यांना धन्य घोषित केले.

त्यांचा जन्म केरळातील पुल्लुवळी गावी, शेतकरी घरात, २९ जानेवारी १९५४ रोजी झाला. आपले प्रजासत्ताक तेव्हा अवघे चार वर्षांचे होते. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात व्रते घेऊन त्या १९७५ साली उत्तरेस बिजनोरला आल्या, पुढे सतना भागात राबल्या आणि मे १९९२ मध्ये उदयनगरला दाखल झाल्या.

देशाने तोवर गरिबांसाठी कागदोपत्री पुष्कळ केले होते. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. परंतु बँकेचा अर्ज लिहून कोण देणार? अंगठा कशावर उठवून घेतला जात आहे, हे कोण वाचून दाखविणार? बियाण्यासाठी पैसा लागला की आदिवासी शेतकऱ्यास सावकाराचाच उंबरठा ठाऊक. कर्ज एका पावसाळ्याचे, व्याज मात्र जन्माचे! वसईच्या वाचकांस हे नवे नाही. आपल्याकडे १९१८ साली कॅथॉलिक सहकारी पतपेढी निघाली, ती याच पाशातून सुटण्यासाठी.

कायदा आणि माणूस यांच्यामधली ही रिकामी जागा सिस्टरांनी भरून काढली. त्या गावोगाव हिंडल्या. स्त्रियांना एकत्र बसवून त्यांनी बचतीची सवय लावली, सरकारी योजना समजावून दिल्या, शेतकऱ्यांस बँकेची वाट दाखविली. आपला हिशेब ज्यास कळू लागतो, तो दुसऱ्यास हिशेब विचारू लागतो. नुसत्या उपदेश करणाऱ्या सिस्टर गावच्या धनिकांनी कदाचित सहन केल्या असत्या. ह्या मात्र त्यांच्या डोळ्यांत सलू लागल्या.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी सकाळी त्या इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. वाटेत, नाचनबोर घाटात, भाडोत्री मारेकऱ्याने त्यांच्यावर सुरा चालविला. देहावर ५४ जखमा मोजल्या गेल्या. बसमध्ये उतारू होते. त्यांना वाचविण्यास एकही हात पुढे आला नाही. त्या उतारूंस दोष देणे सोपे आहे. त्या बसमध्ये आपण असतो तर काय केले असते, याचे उत्तर आपल्याला खरोखर ठाऊक आहे काय?

मारेकऱ्यास जन्मठेप झाली. २००२ साली सिस्टरांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटास राखी बांधली. त्याला माफी मिळावी म्हणून सिस्टरांच्या घरच्यांनीच संमती दिली, आणि २००६ साली तो सुटला. पुढील वर्षी तो केरळात त्यांच्या घरी गेला. वृद्ध मातेने त्याचे हात आपल्या हाती घेतले व त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांस तिच्या लेकीचे रक्त लागले होते.