डेटाबेस निवडताना सातबारा आठवू या

डेटाबेस कोणता घ्यायचा म्हटलं, की आपण वेग आणि किंमत बघायला लागतो. त्याआधी सातबारा आठवू या. करवीर तालुक्यात जमीन विकली गेली, तर फेरफार गाव नमुना ६ मध्ये नोंदवतात. तो प्रमाणित झाला, की नमुना ७ वरचं नाव आणि ८अ वरचं खातं बदलतं. संगणकात हे गट क्रमांकानं, खाते क्रमांकानं जोडलेले तक्ते झाले. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली रिलेशनल कल्पना ती हीच.

आता मध्येच वीज गेली तर? जुना मालक गेला, नवा आलाच नाही! म्हणून पहिला प्रश्न: ‘सगळं, नाहीतर काहीच नाही’ ही हमी आहे का? मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅममध्ये ती नव्हती. इनोडीबी, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट यांत आहे.

दुसरा: एका वेळी लिहिणारे किती? एसक्यूलाइट एकालाच लिहू देतं. मोबाइलवरच्या अ‍ॅपला ते पुरतं, गजबजलेल्या तालुका कचेरीला नाही.

तिसरा: नसलेल्या खात्यावर जमीन चढवायला डेटाबेस स्वतः नकार देतो का? एसक्यूलाइटमध्ये ही तपासणी सहसा मुद्दाम चालू करावी लागते.

वेग, किंमत त्यानंतर. कारण निवड आपली असते, हेलपाटे मात्र शेतकऱ्याला पडतात.