धंदा वाढतो आहे हे ओळखावे कसे?

आपल्यातले बहुतेक व्यापारी धंद्याची प्रगती गल्ल्यावरून ठरवतात. आम्हीही तेच करीत होतो. एप्रिल २०२५ ची विक्री एप्रिल २०२४ हून बरीच कमी भरली, तेव्हा नसरापुरात दुकान चालवणे आता कठीण, असे आम्हाला वाटले. वही नीट पाहिली तेव्हा चूक उमगली. २०२४ ची ईद ११ एप्रिलला होती, २०२५ ची ३१ मार्चला. ईदची खरेदी मार्चमध्येच उरकली होती. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून रमजानची तुलना रमजानशी, दिवाळीची दिवाळीशी आणि लग्नसराईची लग्नसराईशीच करावी.

विक्री वाढली तरी तेवढ्यावर खूश होऊ नये. आणखी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नग मोजा. ५०० ची साडी ५५० ला गेली आणि नग तेवढेच खपले, तर वाढला तो भाव, धंदा नव्हे.

दुसरी, भांडवल किती वेळा फिरले? दुकानात सरासरी दोन लाखांचा माल असून वर्षात खरेदीभावाने आठ लाखांचा माल गेला, तर भांडवल चार वेळा फिरले. पुढच्या वर्षी पाच वेळा फिरले तर ती खरी प्रगती. फळीवर पडून राहिलेला तागा म्हणजे अडकलेला पैसा.

तिसरी, उधारी. विक्रीपेक्षा उधारी वेगाने वाढत असेल, तर आपण आपलाच माल वाटत सुटलो आहोत.

शिलाई करणाऱ्या कारागिरांनी दोन आकडे लिहावेत: कबूल तारखेला किती नग दिले आणि दुरुस्तीला किती परत आले.

जकातीचा दिवस हा आपला वार्षिक आरसा आहे. त्या दिवशी विक्रीचा माल चालू भावाने धरतो, रोकड व वसूल होणारे येणे मिळवतो, देणे वजा करतो आणि अडीच टक्के काढतो. हा कागद फाडू नका. पुढच्या वर्षी त्याच चांद्र तारखेच्या कागदाशेजारी ठेवा. घरखर्च नेहमीसारखा भागवून, कर्ज न वाढवता, महागाईहून अधिक रक्कम वाढली असेल, तर समजा पाऊल पुढे पडले.

वही उर्दूत लिहा की मराठीत, पण लिहा. बरकत देणारा अल्लाह आहे. हिशेब चोख ठेवणे हे आपले काम.